सहा ठिपक्यांचा दिवा – लुई ब्रेल यांचे चरित्र



आपल्या कुटुंब-गटांमध्ये दर आठवड्याला एका थोर व्यक्तीची ओळख आपण करून घेतो. या वेळी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते ना राजे होते, ना सेनापती, ना संत. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या कारागिराचा हा मुलगा. जानेवारीचा पहिला आठवडा त्यांचाच आहे. ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आणि ६ जानेवारी ही पुण्यतिथी. त्यांचे नाव लुई ब्रेल. ‘ब्रेल लिपी’ हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो, पण ब्रेल हे एका माणसाचे आडनाव आहे हे पुष्कळांना माहीत नसते. आणि ही लिपी त्यांनी तयार केली तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते, हे तर फारच थोड्यांना!

थोडे मोठे आहे, पण घरातल्या मुलांना जवळ बसवून वाचावे ही विनंती.

*शेंडेफळ*

पॅरिसपासून पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे गाव आहे. तिथे सिमों-रेने ब्रेल नावाचे कारागीर घोड्यांचे चामडी सामान बनवत. खोगीर, लगाम, पट्टे, सगळे काही. त्या काळी घोडा म्हणजे आजची मोटार आणि ट्रॅक्टर दोन्ही, त्यामुळे काम भरपूर होते. थोडी जमीन होती, द्राक्षांची बागही होती. पत्नीचे नाव मोनिक. चार मुले. त्यातला सगळ्यात धाकटा लुई, जन्म ४ जानेवारी १८०९.

घराला लागूनच वडिलांचे कामाचे दुकान. लहान मुलाला वडील जे करतात तेच करायचे असते, हे तुम्हा-आम्हाला काय नवीन? १८१२ साली, तीन वर्षांचा लुई असाच दुकानात शिरला. चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या हाती लागली. चामड्याच्या तुकड्यावर वाकून तो वडिलांसारखे टोचू लागला आणि आरी निसटून थेट डोळ्यात गेली.

त्या काळी जंतुसंसर्गावर औषध नव्हते. घरच्यांनी, वैद्यांनी जे सुचले ते केले. पण जखम चिघळली आणि हळूहळू दुसऱ्या चांगल्या डोळ्यालाही त्याची बाधा झाली. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली होती.

*आई-वडिलांनी काय केले*

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी युरोपातही गरीब घरातल्या आंधळ्या मुलाचे भविष्य ठरल्यासारखे असे. घराच्या कोपऱ्यात बसून राहायचे, नाहीतर जत्रेत, चर्चच्या दाराशी भीक मागायची. त्यात ते दिवस युद्धाचे. नेपोलियनचा पराभव झाला, परक्या देशांच्या फौजा गावात येऊन उतरल्या, घराघरांत सैनिक राहू लागले. अशा वेळी आंधळे लेकरू सांभाळणे म्हणजे काय असेल, कल्पना करा.

पण सिमों-रेने आणि मोनिक यांनी मुलाला कोपऱ्यात बसवले नाही. वडिलांनी त्याच्यासाठी काठी बनवून दिली आणि ती टेकत टेकत तो गावभर फिरू लागला. दुकानातली झेपतील अशी कामे त्याला दिली. लाकडाच्या फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून वडिलांनी अक्षरे तयार केली आणि त्यावरून बोट फिरवायला लावून त्याला अक्षरओळख करून दिली. बघा, लिपी शोधणाऱ्याच्या बोटाला पहिले अक्षर लागले ते वडिलांनी ठोकलेल्या खिळ्यांचे!

गावात नवीन आलेले धर्मगुरू पाल्युई यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला शिकवायला घेतले. मग गावच्या शाळेचे मास्तर बेशेरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. ऐकलेले सगळे लुईच्या लक्षात राहायचे. तोंडी गणितात तो पुढे. पण मास्तर पुस्तके उघडायला सांगायचे तेव्हा तो नुसता हात बांधून बसायचा.

धर्मगुरूंनी खटपट केली, गावच्या जमीनदाराने शब्द टाकला आणि पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय शाळेत लुईला शिष्यवृत्तीवर जागा मिळाली. १८१९ च्या फेब्रुवारीत वडिलांबरोबर घोडागाडीत बसून तो पॅरिसला गेला. वय दहा वर्षे.

*पॅरिसची शाळा*

ही शाळा जगातली अंध मुलांची पहिली शाळा मानली जाते. ती काढली व्हालेंतीन आवी नावाच्या सज्जनाने, १७८० च्या दशकात. एका जत्रेत त्यांनी पाहिले होते, की काही अंध माणसांना विदूषकासारखे कपडे घालून, चष्मे लावून वाद्ये वाजवायला बसवले आहे आणि लोक खिदळत आहेत. ते दृश्य त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी भीक मागणाऱ्या एका अंध तरुणाला शिकवायला घेतले आणि त्यातूनच पुढे शाळा उभी राहिली.

आवी यांनी अंधांसाठी पुस्तकेही बनवली. ओला जाड कागद मोठ्या अक्षरांच्या खिळ्यांवर दाबायचा, म्हणजे अक्षरे कागदातून वर उठून येतात. कल्पना मोठ्या मनाची होती, पण अडचण अशी, की ती अक्षरे डोळ्यांसाठी बनलेली होती. डोळा अख्खे अक्षर एका क्षणात टिपतो. बोटाला मात्र एकेका अक्षराची प्रत्येक रेघ, प्रत्येक वळण चाचपत जावे लागते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. अक्षरे मोठी म्हणून पुस्तके अवजड, महाग आणि मोजकी. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे, अशा पद्धतीने मुलांना वाचता आले तरी स्वतः लिहिता येत नव्हते. वहीत दोन ओळी उतरवून ठेवणे, घरी पत्र पाठवणे, हिशेब मांडणे, काहीच नाही.

शाळेची इमारतही जुनी, ओल धरलेली, कोंदट. तिथल्या बहुतेक मुलांची प्रकृती तोळामासाच. पुढे लुईला जो आजार जडला, त्याचे मूळ पुष्कळांच्या मते याच भिंतींत होते. पण शाळेत संगीत होते, हस्तकला होत्या, सोबती होते. गोतिए आणि कोल्ता हे दोघे मित्र त्याला जन्मभर पुरले. चेलो आणि ऑर्गन ही वाद्ये तो इथेच शिकला.

*बारा ठिपके*

१८२१ साली शाळेत शार्ल बार्बिए नावाचे गृहस्थ आपली एक पद्धत दाखवायला आले. ते पूर्वी तोफखान्यात अधिकारी होते आणि झटपट लिहिण्याच्या, अंधारातही लिहिता येईल अशा पद्धतींचा त्यांना छंद होता. त्यांनी रेघांची अक्षरे सोडून उठावदार ठिपके घेतले होते. दोन उभ्या ओळी, एकेका ओळीत सहापर्यंत ठिपके. भाषेतले ३६ उच्चार एका तक्त्यात बसवलेले, आणि कोणता उच्चार तक्त्यात कोणत्या ओळीत, कितव्या जागी आहे ते ठिपक्यांच्या संख्येने सांगायचे.

मुलांच्या बोटांना ठिपका लगेच कळला. रेघ चाचपावी लागते, ठिपका मात्र टोचून जाणवतो. शिवाय टोकदार दाभणाने कागदावर ठिपके पाडता येत, म्हणजे लिहिताही येऊ लागले! मुले खूष झाली.

पण लुई वापरून पाहू लागला तसे त्याला दोष दिसू लागले. पहिला, ही पद्धत उच्चारांची होती, शब्द कसा लिहायचा ते त्यात कळत नव्हते. फ्रेंचमध्ये लिहितात एक आणि बोलतात एक. उच्चाराप्रमाणे शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन कधीच येणार नाही. दुसरा, विरामचिन्हे नाहीत, गणित नाही, संगीताची लिपी नाही. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत. बोट वर-खाली सरकवून ठिपके मोजत बसावे लागते.

बार्बिए वयाने, मानाने मोठे. समोर बारा-तेरा वर्षांचा आंधळा मुलगा. मुलाची सूचना त्यांना काही तितकीशी पटली नाही. मग लुईने वाद घातला नाही, स्वतःच कामाला लागला.

*तीन वर्षांची साधना*

दिवसा शाळा, वर्ग, संगीत. त्यामुळे हे काम रात्री, सगळे निजल्यावर, किंवा पहाटे. सुट्टीत कूव्रेला गेला तरी पाटी, कागद आणि दाभण बरोबर. शेकडो रचना करून पाहिल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. १८२४ साली, पंधराव्या वर्षी त्याची पद्धत आकाराला आली.

ती कशी आहे ते आपण बायकांना पटकन कळेल. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. दोन ठिपके शेजारी-शेजारी, अशा तीन ओळी एकाखाली एक. झाले सहा ठिपक्यांचे एक घर. हे घर इतके लहान, की बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात सगळे मावते. या सहापैकी कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते कोरे ठेवायचे, यावर अक्षर ठरते. प्रत्येक ठिपका ‘आहे’ किंवा ‘नाही’, म्हणून सहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. होतात ६४. त्यातले पूर्ण कोरे घर सोडले, की उरतात ६३. या ६३ खुणांत सगळी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि संगीताचे स्वरसुद्धा.

आणि रचना तरी किती शिस्तशीर! पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहांसाठी तेच दहा आकार घेऊन खाली डावीकडे एक ठिपका वाढवला. त्यापुढच्यांसाठी खालचे दोन्ही ठिपके वाढवले. म्हणजे दहा आकार पाठ झाले, की बाकीची अक्षरे आपोआप येतात. आकड्यांसाठी वेगळे काही नाही, पहिल्या दहा अक्षरांच्या आधी ‘आता आकडा येतो आहे’ अशी एक खूण ठेवली, की तीच अक्षरे १ ते ९ आणि ० होतात.

यातली खुबी अशी, की लुईने डोळ्यांना काय ओळखीचे वाटेल हा विचारच सोडून दिला. छापील अक्षराशी ठिपक्यांचे काही साम्य नाही. बोटाला काय सोपे जाईल एवढेच त्याने पाहिले. डोळस माणसे अंधांसाठी जे बनवत होती त्यात नेमके हेच राहून जात होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ठिपके पाडायचे दाभण म्हणजे जवळजवळ आरीच. ज्या हत्याराने दृष्टी नेली, त्याच जातीच्या हत्याराने त्याने लाखोंच्या हाती अक्षर दिले.

१८२९ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शब्द, संगीत आणि चर्चमधले गायन ठिपक्यांनी कसे लिहावे, हा त्याचा विषय. त्यात लुईने आपल्या पद्धतीचे मूळ बार्बिए यांच्या पद्धतीत आहे हे मोकळेपणाने नोंदवून त्यांचे ऋण मानले. ज्यांनी आपली सूचना मनावर घेतली नाही, त्यांचेच श्रेय आधी! पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. त्या बोटाला नीट कळत नाहीत असे दिसल्यावर १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकल्या. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासाचे पुस्तक या लिपीत तयार केले.

*शिक्षक ब्रेल*

१८२८ च्या सुमारास लुई त्याच शाळेत मदतनीस शिक्षक झाला आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. आता त्यांना अरे-तुरे करायला जीभ वळत नाही, म्हणून पुढे ‘ब्रेल सर’ म्हणूया. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असे विषय ते शिकवत. त्यांचा आवाज कधी चढत नसे. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही ते नेमले गेले होते.

वडील १८३१ साली गेले. जाण्याआधी त्यांनी शाळेचे संचालक पिन्ये यांना पत्र लिहवून घेतले, की माझ्या लुईला कधी अंतर देऊ नका. पिन्ये यांनी ते पाळले. शाळेत ठिपक्यांची लिपी वापरू दिली ती त्यांनीच, आणि सरकारने तिला मान्यता द्यावी म्हणून खटपटही केली. सरकार मात्र हलले नाही.

ब्रेल सरांच्या स्वभावाच्या आठवणी त्यांचे मित्र कोल्ता यांनी लिहून ठेवल्या आहेत. पगार थोडा, पण गरजू विद्यार्थ्याला ते गुपचूप पैसे देत. दुसऱ्या एका अंध वादकाला आपल्यापेक्षा अधिक गरज आहे असे दिसल्यावर ऑर्गनची नेमणूक त्यांनी त्याला सोडून दिली, असेही ते सांगतात.

१८३५ च्या सुमारास क्षयाची लक्षणे दिसू लागली. पुढची सोळा-सतरा वर्षे हा आजार अंगावर घेऊनच त्यांनी काम केले. अधूनमधून कूव्रेला आईजवळ जाऊन विश्रांती घ्यायची आणि जरा बरे वाटले, की परत वर्गात.

याच काळात त्यांना आणखी एक गोष्ट खटकत होती. ठिपक्यांची लिपी अंध माणूस अंध माणसाला लिहू शकतो. पण आईला, भावाला, डोळस मित्राला पत्र लिहायचे तर? त्यांना कुठे ही लिपी येते? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी दुसरी एक पद्धत काढली. नेहमीची छापील अक्षरेच ठिपके मांडून कशी काढायची याचे कोष्टक त्यांनी तयार केले. कुठल्या ओळीत कुठे ठिपका पाडायचा ते आकड्यांनी ठरवलेले. अंध माणसाने ते पाडावे आणि डोळस माणसाने सरळ वाचावे! पुढे फूको नावाच्या अंध गृहस्थांनी त्यासाठी यंत्रही बनवले. एका टोकाला अंधांना आपसात जोडणारी लिपी, दुसऱ्या टोकाला अंध आणि डोळस यांना जोडणारी. दोन्ही एकाच माणसाने दिल्या.

*परीक्षेचा काळ*

१८४० मध्ये पिन्ये यांना पद सोडावे लागले आणि द्यूफो हे नवे संचालक आले. त्यांना ठिपके मान्य नव्हते. अंध मुलांची लिपी वेगळी केली तर ती समाजापासून वेगळी पडतील, असे त्यांचे म्हणणे. शिवाय डोळस शिक्षकांना ठिपके वाचता येत नव्हते. त्यांनी ठिपक्यांची लिपी बंद केली आणि उठावाच्या छापील अक्षरांची पुस्तके सुरू केली.

द्यूफो दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांना मुलांचे भलेच करायचे होते. पण ज्यांचे भले करायचे त्यांनाच विचारायचे राहून गेले. घरात आपणही म्हाताऱ्या माणसांसाठी, अपंग नातेवाइकांसाठी कितीतरी गोष्टी परस्पर ठरवून टाकतो. त्यांच्या सोयीच्याच म्हणून ठरवतो, आणि त्यांच्याकडे बघायचेच राहते.

मुलांनी मात्र ठिपके सोडले नाहीत. लिहायची साधने काढून घेतली तर विणायच्या सुया घेतल्या, काटे-चमचे घेतले, खिळे घेतले. लपूनछपून एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली, मोठी मुले लहानांना शिकवू लागली. एकदा स्वतःच्या हाताने लिहायला आल्यावर ते परत कोण देईल?

ब्रेल सर तेव्हा आजारी आणि स्वभावाने शांत. मोर्चा, तक्रार हे त्यांच्याकडून झाले नाही. पण शाळेतले ग्वादे नावाचे साहाय्यक हे सगळे बघत होते. ठिपक्यांचा उपयोग त्यांना पटला आणि त्यांनी संचालकांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या, हवेशीर इमारतीचे उद्‌घाटन झाले. त्या समारंभात पाहुण्यांसमोर ठिपक्यांच्या लिपीचे प्रात्यक्षिक झाले. एका मुलाला मजकूर सांगून तो ठिपक्यांत लिहायला लावला. तो सांगितला जात असताना बाहेर असलेल्या दुसऱ्या मुलाला मग आत बोलावले आणि त्याने बोट फिरवून तो जसाच्या तसा वाचून दाखवला. पाहुणे थक्क झाले. स्वतः द्यूफोही आता या लिपीच्या बाजूने उभे राहिले. आपले मत बदलायला मोठे मन लागते, त्याचे श्रेय त्यांनाही दिले पाहिजे.

*शेवट आणि नंतर*

१८५१ च्या डिसेंबरात आजाराने उचल खाल्ली. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, शाळेच्या आजारी-खोलीत मित्र आणि भाऊ जवळ असताना ब्रेल सरांनी देह ठेवला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही.

एक लाकडी पेटी त्यांनी मागे ठेवली होती आणि ती न उघडता जाळून टाका असे मित्रांना सांगून ठेवले होते. मित्रांना राहवले नाही. पेटी उघडली तर आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. विद्यार्थ्यांना दिलेल्या पैशांच्या त्या पावत्या होत्या. कोणाकडून काही वसूल होऊ नये, कोणाला ओशाळे वाटू नये, म्हणून ती पेटी जाळायची होती. मित्रांनी मग ती जाळली.

आता यश बघा कसे आले. १८५४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, फ्रान्समध्ये या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये आर्मिटेज नावाच्या अंध डॉक्टरांनी संस्था काढली. कोणती लिपी चांगली हे अंध वाचकांनीच ठरवायचे, असा त्यांचा नियम, आणि त्यांनी निवडली ती ब्रेल. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही तिचीच निवड झाली. अमेरिकेत मात्र निरनिराळ्या ठिपका-लिप्यांचा वाद विसाव्या शतकापर्यंत चालला आणि इंग्रजीसाठी एकच ब्रेल ठरायला १९३२ साल उजाडले.

१९५२ मध्ये, शंभराव्या पुण्यतिथीच्या वर्षी, फ्रान्सने त्यांचे अवशेष कूव्रेहून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. राष्ट्रपुरुषांना तिथे जागा देतात. कूव्रेकरांनी मात्र त्यांचे हात गावातच ठेवून घेतले. ज्या हातांनी लिपी घडवली ते हात आजही त्यांच्या गावच्या मातीत आहेत.

*आपल्या मराठीत ब्रेल*

आपल्या देशातली पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. पण पुढे भाषेगणिक, प्रांतागणिक वेगवेगळ्या ठिपका-लिप्या चालू होत्या. एका शाळेतल्या मुलाला दुसरीकडचे पुस्तक वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या मदतीने विचार झाला आणि १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. म्हणजे मराठीतला ‘क’, गुजरातीतला ‘क’, कन्नडमधला ‘क’, सगळ्यांचे ठिपके एकच! आपण बेळगाव, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणची माणसे. दारावरच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावर किती वाद होतात ते आपण जाणतो. अंध मुलाच्या बोटाखाली मात्र हा भेद केव्हाच मिटला आहे. (भाषा अर्थातच शिकावी लागते!)

एक गंमत सांगते. ‘कि’ लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी काढतो, पण म्हणताना ‘क’ आधी म्हणतो. ब्रेलमध्ये वेगळी काना-मात्रा-वेलांटी नाही. आधी ‘क’चे घर, मग ‘इ’चे घर. जसे बोलतो तसेच लिहितो. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारात टोचत जायचे आणि कागद पालथा केला, की डावीकडून उजवीकडे सुलट वाचायचे. मुलांना ही कसरत सांगून पाहा, त्यांना फार आवडेल.

भारत सरकारने २००९ मध्ये त्यांच्या द्विशताब्दीनिमित्त दोन रुपयांचे नाणे काढले होते. जुन्या डब्यात शोधा, एखादे वेळी सापडेल. आणि २०१९ पासून ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

*आता कशाला ब्रेल?*

असे हल्ली विचारतात. मोबाइल सगळे वाचून दाखवतो, मग ठिपके शिकायचे कशाला? मोबाइलचा फायदा मोठाच आहे, त्यात शंका नाही. पण विचार करा, आपल्या मुलाने कधीच पुस्तक न वाचता नुसते ऐकूनच शिकावे असे आपल्याला चालेल का? ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. गणिताची मांडणी कानाने होत नाही. आपल्या मनातले, कोणाच्याही आवाजाशिवाय, स्वतःशी वाचणे आणि पुन्हा मागे जाऊन तीच ओळ वाचणे, याचे सुख वेगळेच. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या त्या मुलांनी काटे-चमचे घेऊन जे जपले ते हेच होते.

आपल्या ओळखीत, नात्यात, सोसायटीत दृष्टी गेलेले मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना एवढे जरूर सांगा, की अंधशाळेत किंवा अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जाऊन ब्रेलची चौकशी करा, मूल लहान आहे तोवरच करा. त्याला कोपऱ्यात बसवू नका. कीव करण्यापेक्षा काम द्या, जबाबदारी द्या. सिमों-रेने यांनी दिली तशी. आणि ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी सुया, कात्र्या, दाभण, स्क्रू ड्रायव्हर वर ठेवावेत. डोळ्याला काही लागले तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

या रविवारच्या बालसंस्कार वर्गात मुलांकडून एक छोटी गोष्ट करून घेऊ या. जाड कागदावर सहा ठिपक्यांचे घर आखायचे. वर डावीकडचा एकच ठिपका मागून टोचून उठवायचा. झाला ‘अ’. मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचे. ज्या ताई-दादांना जमेल त्यांनी ‘क’ही करून पाहावा, डावीकडचा वरचा आणि खालचा असे दोन ठिपके. टोचायचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे, हे वेगळे सांगायला नको.

ब्रेल सरांना जेमतेम त्रेचाळीस वर्षे मिळाली, त्यातली जवळजवळ चाळीस अंधारात. ना पैसा, ना मान, ना प्रकृतीची साथ. तरी आज जगभर कुठे ना कुठे एखादे लेकरू सहा ठिपक्यांवर बोट ठेवून पहिल्यांदा स्वतःचे नाव वाचत असेल. सेवा म्हणतात ती हीच.

लेख आवडला तर आपापल्या कुटुंब-गटात जरूर पाठवा. पुढच्या आठवड्यात नव्या चरित्रासह भेटूच.

– आपली एक गुरुभगिनी, इंदूर 🙏